इर्माचा शनिवार

इर्मा सॉटेलला दर शनिवारी एकच काम असायचं, आणि एकेचाळीस वर्षांत तिनं ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातलं सेंट ऑल्बन चर्च खाणीवरच्या इंग्रज पाथरवटांनी उरल्यासुरल्या दगडांतून उभारलेलं. पुढं खाण बंद पडली, पाथरवटांची नातवंडं पोटामागे शहरात गेली. रविवारी बाकांवर नऊ डोकी उरली. तीही सगळी मागच्या रांगांत, कारण जो तो आपल्या आजोबांच्याच जागेवर बसणार.

वेदीशेजारच्या भिंतीत पितळी दाराचं छोटं कपाट होतं. आत पवित्र भाकर, म्हणजे त्यांच्या श्रद्धेनं साक्षात ख्रिस्त, असेल तोवर वर तांबडा दिवा तेवत ठेवायचा, असा रिवाज. इर्मा मेणबत्ती बदलायची, कठडा धरून दुखरा गुडघा टेकायची आणि आठवड्याची खबरबात सांगायची. नवरा गेल्यापासून तर ती घरापेक्षा तिथंच जास्त बोलायची. चर्चचा कारभारी ड्वाइट चिडवायचा, "इर्मा, देवाला कधी बोलू देतेस की नाही?"

"तो ऐकून घेतो. तुला तेवढंही जमत नाही."

शेवटी चर्च बंद करायचं ठरलं. इर्मानं आकांडतांडव केलं नाही. भाकर बाहेर नेली की दिवा मी विझवणार, एवढंच मागितलं.

चर्च बंद करायच्या दिवशी भाकर न्यायला आलेल्या बिशपबाईंनी पितळी दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

ड्वाइटची मान खाली गेली. शेवटच्या पाद्रीबाबांनी निवृत्त होताना उरलेली भाकर वाटून संपवली होती आणि दिवा विझवायला त्याला सांगितलं होतं. नवा पाद्री मिळालाच नाही, आणि पाद्रीशिवाय नवी भाकर पवित्र करता येत नाही. ड्वाइटच दर रविवारी प्रार्थनापुस्तकातून वाचत राहिला.

"विझवायलाच आलो होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात तू मेणबत्ती घेऊन आलीस. तोंडातून शब्दच फुटेना बघ."

"चौदा महिने," इर्मा म्हणाली. "चौदा महिने कपाटाशी बोलत होते मी."

तिला ड्वाइटचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. बिशपबाई समजूत घालायला पुढं झाल्या. "राहू द्या," म्हणत तिनं दिव्यावर फुंकर मारली आणि पर्स उचलली. मग कपाटासमोरून जाताना सवयीनं कठडा धरला आणि गुडघा टेकला.

"इर्मा, रिकामं आहे गं ते," ड्वाइट हळूच म्हणाला.

"मला कळलंय. गुडघ्याला कळायचंय अजून. हात दे, उठव मला."