खुर्चीवर घेतलेले पाय

भाईंदर पश्चिमेच्या बाजारामागच्या त्या गल्लीवरून आजही गेलो की ती केस आठवते आणि तोंड कडू होतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक ग्रंथ चोरीला गेला होता. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी तिथल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. वातावरण आधीच तापलेलं, त्यामुळे वरिष्ठांनी बजावलं होतं, तपास कर पण गवगवा नको.

फिर्याद द्यायला एक वयस्क चाचा आले. मूळचे रायगडचे. त्यांचे पणजोबा हजच्या जहाजावर खलाशी होते. त्यांना तिकडे भेट मिळालेलं कुराण घरात जपून ठेवलेलं होतं. तुर्कस्तानच्या सुलतानांच्या काळातलं, कुणा कसलेल्या लेखनिकाने बोरूने लिहिलेलं. पहिल्या दोन पानांवर सोनं आणि गर्द निळी वेलबुट्टी, प्रत्येक आयतीच्या, म्हणजे वचनाच्या, शेवटी सोन्याचं बारीक फूल. रमजानात गल्लीतले लोक ते पाहायला येत. त्या वर्षी पेटी उघडली तर रेशमी बासनातून छापील प्रत निघाली. चाचांनी नुकतंच मुलीचं लग्न थाटात लावलं होतं. झालं! लोकांचं तोंड कोण धरणार? म्हाताऱ्याने कुराण विकून लेक उजवली, अशी बोंब उठली. मशिदीत नमाजाच्या रांगेत त्यांच्या शेजारी कुणी उभं राहीना.

"साहेब, मला आत घ्या," चाचा म्हणाले. "झडती घ्या, काय वाटेल ते करा. पण हा डाग पुसून द्या. तो घेऊन मला मरायचं नाही."

"चाचा, ठाणं म्हणजे काय धर्मशाळा आहे?" मी म्हणालो. पण ते बाकावरून उठायला तयार नव्हते. गुन्हा नोंदवला, घरी जाऊन पंचनामा केला. पेटीचं कुलूप शाबूत होतं आणि किल्लीची जागा फक्त घरच्यांना ठाऊक. चोर घरातलाच, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरात चाचांशिवाय तीन पुरुष. धाकटा भाऊ, पुतण्या आणि चाचांचा मुलगा. चौकशीत तिघांनीही कानावर हात ठेवले.

मग खबर आली, तीही मशिदीतून. कुराणाची जीर्ण पानं कुणी कचऱ्यात टाकत नाही. ती मशिदीत आणून देतात, आणि बरीच साठली की खाडीच्या खोल पाण्यात सोडतात. त्याला ठंडं करणं म्हणतात. मशिदीची देखभाल करणारा खादिम धापा टाकत आला. "साहब, कोई बोरी रख के गया है. छपा हुआ कागज नहीं, हाथ का लिखा है. और ब्लेड चलाया है बीच बीच में!"

तांदळाचं पोतं होतं, तोंड हिरव्या नाड्याने बांधलेलं. आत कोऱ्या पांढऱ्या कापडात पानं. सोन्याची पानं, नक्षीदार मथळ्यांची पानं, लेखनिकाची सही असलेलं शेवटचं पान, सगळी कापून नेलेली. गिऱ्हाईक नसलेली तेवढी उरली होती. पण ती उकिरड्यावर टाकायचा धीर चोराला झाला नव्हता. याच धाकाने त्याला पकडायचं, मी ठरवलं.

आमचे हवालदार रत्नागिरीचे, मुसलमान. त्यांनी वजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होऊन, ती पानं कपाटात सगळ्यात वर ठेवली. रिकाम्या पोत्यात आम्ही रद्दी भरली, तोच हिरवा नाडा बांधला आणि पोतं माझ्या टेबलापुढे जमिनीवर टाकलं. खादिमाला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

तिघांना एकेक करून बोलावलं. भावाने पोत्याला पाय टेकून पंख्याबद्दल कुरकुर केली. पुतण्याने तर त्यावर चप्पलच रेटली. मग मुलगा आला. दारातच थबकला. खुर्चीवर बसला आणि हळूच पाय वर घेऊन मांडी घातली. इस्त्रीच्या पँटीतला तिशीचा माणूस, फौजदारासमोर मांडी घालून!

"पाय खाली सोड."

"बरा बसलोय साहेब."

मी उठून पोत्यावर बूट ठेवायला गेलो.

"नको साहेब! पाय नको!"

"का रे? काय आहे त्यात?"

तो ढसाढसा रडायला लागला. मग सगळं बाहेर आलं. त्याला आखातात नोकरी हवी होती, एजंटला द्यायला पैसे हवे होते. मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या दलालाने सांगितलं, अख्खा ग्रंथ ओळखला जाईल, पानं सुटी करून आण. दलालाला उचललं, पण पानं परदेशी गेली होती. ती कधीच मिळाली नाहीत.

"लोक बापाला चोर म्हणत होते तेव्हा तू कुठे होतास?" मी विचारलं.

"तिथंच होतो. मागच्या रांगेत."

चाचांना मी स्वतः सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा सुटकेचा श्वास टाकेल. ते पहिल्या दिवशीचंच पुन्हा म्हणाले, "साहेब, मला आत घ्या. लिहा, म्हाताऱ्यानेच विकलं. लोक म्हणतातच आहेत."

"चाचा, तसं करता येत नाही."

"डाग पुसून मागितला होता मी. असा नव्हता मागितला."

मुलाला शिक्षा झाली. उरलेली पानं कोर्टातून सुटल्यावर चाचांनी ती खाडीत ठंडी केली. मीही काठावर होतो. अख्खी गल्ली लोटली होती आणि आता जो तो त्यांच्या शेजारी उभं राहायला धडपडत होता. चाचा पानं सोडून एकटेच घराकडे वळले.

देवाचा धाक असलेला माणूस वाईट वागणार नाही, असं मी नोकरीला लागलो तेव्हा मानायचो. रद्दीच्या पोत्याला पाय लागू नये म्हणून त्या मुलाने पाय वर घेतले होते. बाप त्याच्यासमोर रोज तुडवला जात होता, तेव्हा त्याचे पाय जागचे हलले नव्हते.