आईच्या पिनचा विमा

ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत बसून मी माणसांच्या भोळेपणाची किंमत काढतो. ऑनलाइन फसवणुकीचा विमा साध्या गिऱ्हाइकाला द्यायचा, तर तो किती सहज फसेल आणि फसला तर किती जाईल याचा अंदाज बांधायचा. वर साहेबांच्या गोव्यातल्या मीटिंगांचा खर्च चढवायचा. झाला हप्ता! साठीपुढच्यांना आम्ही जास्त आकारतो. आणि जो आपला पिन दुसऱ्याला सांगतो, त्याला फुटकी कवडी देत नाही. ही अट मीच घातली होती, आणि तिचा मला भारी अभिमान होता.

माझी आई दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकते. आमच्या गल्लीतल्या एका काकांना ‘आज वीज तोडतो’ असा फोन आला आणि त्यांचं खातं साफ झालं, तेव्हा मी घाबरून आईच्या नावानं पॉलिसी काढली. सांगायला बाजारात गेलो, तर ती बोंबील साफ करत होती. तेवढ्यात बर्फवाला आला. आईनं मान न वळवता शेजारच्या मावशीला हाक मारली, “याचं पैसं टाक गो.” ही मावशी नात्यातली नव्हे, पाटीला पाटी लावून बसणारी. तिनं आईच्या कमरेचा फोन काढला, पिन दाबला, पैसे दिले आणि फोन परत खोचला. मावशीचे हात माखलेले असले की आई तिचा पिन दाबते.

मी कपाळावर हात मारला. “आये, असा केलास तर येक रुपया मिलनार नाय!”

“मंग काढलास कशाला?”

मी उभ्या उभ्या पिन बदलला आणि तिला शपथ घातली, कुणालाही सांगायचा नाही. आई शपथ मोडत नाही, हीच तिची खोड.

थोड्याच दिवसांत ती ऐरोलीला माझ्या घरी येऊन थडकली. बाजारात मावशीनं नवा पिन विचारला होता. आईनं उत्तर न देता पदराआड फोन धरून स्वतःच दाबला. मावशी दुसऱ्या दिवशी पाटी उचलून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

“हापिसाचा नियम हाय म्हनून सांग ना तिला,” मी म्हटलं.

“सांगितला. ती बोलली, तुज्या पोराच्या हापिसात मना चोर म्हनतान.” आईचा आवाज फाटला. “तुजा बाप गेला तवा माजी पाटी तीच इकत होती. हा लुस्कान भरून देतान का तुजं सायेब?”

मला तिचा राग आला, मावशीचा आला, आणि त्या अटीचा तर असा आला की ती घालणारा समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. आईसमोरच मी फोनवर पॉलिसी रद्द करायला घेतली. रद्द का करताय, असं विचारून खाली कारणांची यादी आली. कर्मचारी म्हणून मला पॉलिसी जवळजवळ फुकटच पडली होती. मी ‘हप्ता परवडत नाही’वर बोट ठेवलं.