तारा नसलेली गिटार

नववीत असताना मी एका गिटारचा मनापासून द्वेष केला. व्हिडिओ गेमची, प्लास्टिकची होती ती, एकही तार नसलेली. मानेवर पाच रंगीत बटणं आणि तारांच्या जागी एक छोटी पट्टी. टीव्हीवर रंगीत ठिपके सरकत खाली येत. त्या रंगाचं बटण दाबून नेमक्या वेळी पट्टी हलवली की गाणं वाजे. चुकलं की पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करत.

गिटार माझ्या मैत्रिणीची, तिच्या मामाने दुबईहून आणलेली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. पुढे ती आमच्या माणिकपूरहून एव्हरशाईन सिटीच्या नव्या इमारतींत राहायला गेली, तरी दर शनिवारी आमच्याकडे पत्रकांच्या घड्या घालायला यायची. माझे बाबा सातिवलीच्या एका कारखान्यात कामगारांचे पुढारी. आमच्याकडे पाहुण्यांनाही पत्रकांचे गठ्ठे सरकवून बसावं लागे. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच.

पहिल्याच दिवशी तिने गिटारचा पट्टा माझ्या गळ्यात घालायला घेतला. माझे हात शिवशिवत होते. पण तोंडातून निघालं, "यात आपण स्वतः काय वाजवतो? सगळं आधीच वाजवून ठेवलेलं. ही श्रीमंतांची करमणूक आहे."

"बरं बाई, नको तर नको."

तिने माझा शब्द खरा मानला. पुन्हा विचारलंच नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीला बोलावलं. मग वर्गात रोज त्या मुलीचं कौतुक: तिची बोटं काय पळतात, तिने काल कुठलं गाणं पूर्ण केलं. शनिवारी घड्या घालायला मी एकटी.

मी दोन पानी पत्रक लिहिलं. 'तारांशिवायचं संगीत ही फसवणूक आहे!' बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"भाषा झणझणीत आहे. पण शेवटी मागणी कुठाय? मागणी नसलेलं पत्रक मी छापायला देत नाही. तुला नक्की हवंय काय?"

मी पेन घेऊन बसले. गेम बंद करा? छे, तो बंद झालेला मला नको होता. खूप वेळाने एक ओळ लिहिली: 'त्या मुलीच्या जागी मी हवी.' वरच्या दोन पानांतलं एकही वाक्य त्या ओळीशी जुळेना.

पानं घरीच ठेवून मी एव्हरशाईनला गेले. दारातच म्हणाले, "मला पण वाजवायचीय."

"आणि श्रीमंतांची करमणूक?" मैत्रिणीने विचारलं.

"आहेच. तरी वाजवायचीय."

"मग आधी बोलायचंस ना, येडे! बस. हिचं गाणं संपू दे. चुकली की तुझा नंबर."

शेजारची मुलगी माझ्याकडे वळूनही न बघता वाजवत होती. मैत्रीण टाळ्यांनी ताल धरत होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून सोफ्याच्या कडेला बसले आणि ती कधी चुकते याची वाट बघत राहिले. ठिपक्यामागून ठिपका येत होता, आणि ती चुकतच नव्हती.