उभ्या माणसाची होडी

"होडी बघायला जायचंय, तू पाहिजेसच," असा नंदाचा फोन आला तेव्हा मी सरळ सांगितलं, "बाई गं, मी टँकरच्या पाण्यावर वाढलेली. मला होडीतलं काय कळतंय डोंबल?"

नंदा माझी धाकटी बहीण. लातूरहून थेट कोल्हापूर जिल्ह्यात, नृसिंहवाडीजवळच्या एका नदीकाठच्या गावात दिलेली. तिचे यजमान संभाजीराव नदीत जाळी टाकतात आणि थोडा ऊसही करतात. "हे म्हणतात, आक्काच पाहिजेत," नंदा म्हणाली. मान दिला की माणूस फसतं. मी बॅग भरली.

जयसिंगपूरला बसमधून उतरले तर संभाजीराव मोटारसायकल घेऊन हजर. गाव येईस्तोवर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मी म्हटलं, किती हिरवंगार! तर हे मागं वळून म्हणतात, "पुरात ह्या उसावरनंच जायला लागतंय की आक्का. शेंडंबी दिसत न्हाईत." मी मोटारसायकलची मागची दांडी घट्ट धरली. गाव येईपर्यंत सोडली नाही.

घरी भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ, माझ्या डोक्याच्याही वर. रंग दिला तरी ती पुन्हा उमटते म्हणे. रेघेच्या खाली नंदाच्या आत्ती (तिकडे सासूला आत्ती म्हणतात) भाजी निवडत बसल्या होत्या. "आलीस व्हय लेकी? होडी बघायला आलीस न्हवं? बघ. खुशाल बघ. मी काय त्यात पाय ठेवत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि देठ कटकन मोडला.

जेवताना नंदानं सगळं सांगितलं. भाकरी, खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि नदीच्या माशाचं कालवण. एरवी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या असत्या. मागच्या मोठ्या पुरात घरची लाकडी नाव दावं तोडून वाहून गेली. मग आत्तींना काईलीत बसवून बाहेर काढलं. काईल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भली मोठी कढई. ती तरंगते, पण तिला ना पुढं ना मागं. ओढ लागली की जात्यासारखी फिरते. फिरायला लागली तशा आत्ती घाबरून उभ्या राहिल्या, आणि काईल कलंडली. दोन माणसांनी उडी टाकून त्यांना केसांना धरून ओढलं. त्यानंतरच्या पुरात घर सोडा म्हटलं तर त्या माळ्यावर चढून बसल्या. तेव्हा पाणी उंबऱ्यापाशी थांबलं, म्हणून निभावलं.

"दर वेळी कसं थांबंल?" नंदा म्हणाली. पावसाळा तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि संभाजीराव कोल्हापूर ओलांडून राधानगरीच्या रस्त्याला लागलो. वाटेत गुळाचा चहा झाला. धरणाच्या फुगवट्याला (मागे पसरलेल्या पाण्याला) लागून एक पत्र्याची शेड. आत अॅल्युमिनियमच्या होड्या पालथ्या घातलेल्या. मी एकीवर बोट वाजवलं. अगं माय! पातेल्यासारखा आवाज. इतक्या पातळ पत्र्यावर माणसांनी भरवसा ठेवायचा?

शेडवाले काका बोलके निघाले. "या पावणं! ही बघा, मोटारीसारखं चाक हाय हिला. पुढं बसा आन् ऐटीत चालवा."

"चाक नगो. दांड्याची दावा," संभाजीराव म्हणाले. म्हणजे मागच्या इंजिनालाच हातात धरायचा दांडा असतो, ती. "मागं बसलं की सगळी माणसं म्होरं दिसत्यात. आन् पंख्यात उसाचा पाला अडाकला तर जाग्यावरच इंजिन वर उचलता येतंय."

दांड्याच्या दोन होड्या होत्या. एक लांबट, अरुंद, रुपडं देखणं. दुसरी बसक्या बुडाची, रुंद, अगदीच थोराड. मला विचाराल तर पहिलीच. पण विचारायच्या आधीच माझ्या अंगात लाईफ जॅकेट चढवलं गेलं.

"मी कशाला?"

"बसा की आक्का. काठाकाठानंच जायाचं हाय."

अरुंद होडीत पुढच्या फळीवर बसले आणि दोन्ही कडा अशा धरल्या की बोटं पांढरी पडली. पत्र्याच्या खालून पाणी घासत होतं, ते तळपायांना कळत होतं. संभाजीरावांचा हात मोटारसायकलचा. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, हे त्यांना नवीन. समोर पाण्यातून वाळक्या झाडांचे बुंधे वर आलेले. ते चुकवायला त्यांनी दांडा वळवला आणि आम्ही थेट बुंध्याकडेच निघालो! धाडकन बसला दणका. मी ओरडले, त्यांनी "चुकलं, चुकलं" म्हणत होडी मागं घेतली.

इथवर ठीक. पण मोकळ्या पाण्यात आल्यावर या माणसानं काही न सांगता जोरात वळण घेतलं. मी किंचाळत उभीच राहिले. होडी एका अंगावर गेली, कडेवरून पाणी आत आलं, गुडघे भिजले. मेले, असंच वाटलं. काकांनी काठावरून बोंब ठोकली. कशीबशी होडी सावरली.

काठावर उतरले. वाटलं, संपलं. तर संभाजीराव म्हणतात, "आता ती दुसरी."

मी का बसले, देव जाणे. बहुतेक नाही म्हणायलाही अंगात जोर नव्हता. पुन्हा तेच. मोकळं पाणी, अचानक वळण, आणि मी पुन्हा ताडकन उभी, तोंडानं देवाचा धावा. थोराड होडी हलली, डुलली, आणि जागच्या जागी बसली. पाण्याचा थेंब आत आला नाही. मागं बघितलं तर संभाजीराव हसत होते, आणि डोळे भरलेले.

"हीच," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठावर उतरल्या उतरल्या मी तोंडाचा पट्टा सोडला. "लाज नाही वाटत? सल्ल्याला म्हणून बोलावलं आणि गिनिपिग केलंत माझं? बुडाले असते म्हणजे?"

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आय उभी ऱ्हायली तवा मी काईलीतच हुतो, आक्का. बस, बस म्हणून वरडलो. भ्यालेलं माणूस बसतंय व्हय? आमच्या गावात समदी पवणारी. वाकड्या होडीतबी निवांत बसत्यात. तुमच्यावाणी भिणारं मला कुणी घावंना."

राग गेला नव्हता, पण शिवी तोंडातच राहिली.

होडी टेम्पोतून गावात आली. घाटावर नारळ फुटला, पेढे वाटले. आत्ती वरच्या पायरीवर पदर आवळून उभ्या. खाली यायला तयार नाहीत. नंदानं विनवलं, संभाजीरावांनी विनवलं. माझं मलाच कळलं नाही, मी जॅकेट चढवून होडीत उतरले आणि आत्तींकडे तोंड करून उभी राहिले. "हलवा," मी म्हटलं. संभाजीरावांनी होडी हलवली. माझे दात वाजत होते, ते वरपर्यंत ऐकू गेले असतील.

आत्ती दोन पायऱ्या उतरल्या. "बसायला लावशील मला?" त्यांनी लेकाला विचारलं.

"न्हाय लावणार, आये."

त्यांनी एक पाय आत ठेवला, होडी डुलली, तसा झटकन काढून घेतला. "बगू," म्हणाल्या आणि घरी गेल्या. तेवढ्यावरच मी लातूरला परतले.

इकडे आल्यावर नळाला बारीक धार आली तरी मला त्या भिंतीवरची रेघ दिसायची. पावसाळ्यात एका दुपारी नंदाचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज. "निघालो आम्ही. पाणी अंगणात आलंय. आत्ती होडीत आहेत, पण बसेनात गं! किती सांगितलं तरी उभ्याच."

"बसवू नका," मी ओरडले. "राहू दे त्यांना उभं!"

फोन कट झाला. सगळे उंचावरच्या शाळेत सुखरूप पोचल्यावर तिचा परत फोन आला, तोवर मीही स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून उभीच होते.