पैलवानाचं पथ्य

आमच्या पैलवानाला जुलाब लागले, तेव्हा हौसाला जाऊन तेरा दिवस झाले होते.

पैलवान म्हणजे आमचा कुत्रा आणि हौसा म्हणजे माझी बायको. मी स्वतः चौथी पास. (पास म्हणजे मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेला.) जन्मभर माधवनगरला माग चालवला, त्यामुळं कान गेले आणि आवाज तेवढा राहिला. शेजारी म्हणतात, म्हातारा बोलत नाही, भांडतो. मी भांडत नाही. मी नुसतं "चहा झाला का?" विचारतो.

हे कुत्रं हौसाला सांगलीत हळदीच्या पोत्यांमागं सापडलं. पिशवीत घालून घरी आणलं तेव्हा मुठीएवढं होतं, पिवळंजर्द.

"हे काय आणलंस? कावीळ झालेला उंदीर?" मी विचारलं.

"गप बसा. पैलवान नाव ठिवते. नावानं तरी अंग धरंल."

पाच वर्षं झाली. अंग काय धरलं नाही. उन्हात उभा राहिला तर बरगड्यांची सावली वेगळी पडते! पण हौसाचा त्याच्यावर लय जीव. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. मला वाटलं, पन्नास वर्षांचा संसार, आता माझ्याबद्दल काहीतरी बोलेल. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आवं, तुमचं मला ठावं हाय. पैलवानाचं बघा."

मी म्हणालो, "व्हय." पन्नास वर्षं तेच म्हणत आलो होतो.

सुतकात घरात चूल पेटवायची नसते. भावकीतनं पिठलं-भाकरी यायची, आमटी-भात यायचा. ज्या घरातनं दुःख जास्त, त्या घरातलं तिखट जास्त. माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी ताट घेऊन कॉटवर बसायचो आणि हळूच कॉटखाली पैलवानाला सरकवायचो. तेराव्याला अंगणात पाव्हण्यांच्या चपलांचे बावीस जोड होते. पैलवानानं एकाही पाव्हण्याचा मान कमी केला नाही.

पाव्हणे अनवाणी गेले. म्हणाले, बिचाऱ्याला मालकिणीचं दुःख झालं. मलाही तसंच वाटलं. म्हटलं, दुःख हाय, उतरंल.

दुःख काही उतरलं नाही. आता चूल माझ्या ताब्यात आली होती. मला दोन पदार्थ येतात : आमटी, आणि आमटीत पाणी कमी पडलं तर भाजी. दोन्हीत मी हौसाची कांदा-लसूण चटणी घालायचो. उन्हाळ्यात तिनं केलेली, तिच्या हातची शेवटची बरणी. चमचा घालताना हात अडखळायचा, पण घातल्याशिवाय घास जात नव्हता. माझ्या ताटातलं निम्मं पैलवानाला. तो खायचा, मग माझ्याकडं असं बघायचा की जणू मीच त्याचं काही घोडं मारलंय, आणि अंगणात पळायचा.

शेजारचे आप्पा सुभेदार मिलिटरीतनं रिटायर झालेले. सगळ्या रोगांवर त्यांच्याकडं एकच औषध : मिलिटरीत काय करायचे ते.

"आधी काय खायाचं रं हे?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठावं? हौसा घालायची."

(हे खोटं होतं. पण ते पुढं.)

"गड्या, आमच्या युनिटची कुत्री रोज मटण खायाची. ह्याला ताकद न्हाई, म्हणून पोट धरत न्हाई. एकदम सिंपल!"

मटण आणलं. आता मटण शिजवायचं आणि चटणी नाही घालायची, हे मला जमलं नाही. चटणीशिवाय मटण म्हणजे पाव्हण्याचा अपमान. मग आप्पांनीच तोडगा काढला : रस्सा करायचा, वरचा तिखट तवंग, म्हणजे कट, आपण दोघांनी प्यायचा, खालचं कुत्र्याला. त्याप्रमाणं आम्ही कट प्यालो. पैलवानानं तळ चाटून पातेलं घराबाहेर नेलं. तासाभरानं आप्पा मिलिटरीतली इस्त्रीची पँट घालून बँकेत निघाले होते. त्यांनी जाता जाता वाकून पैलवानाची पाठ थोपटली, "शाब्बास जवान!"

जवानानं तिथंच मोर्चा उघडला. आप्पा बँकेत गेले नाहीत.

दुसरा उपाय शहरातला. सांगलीत एका दुकानात कुत्र्यांचं पाकिटातलं खाणं मिळतं. दुकानदार पोरगेला होता, पण बोलायला डॉक्टर. "काका, हे सेन्सिटिव्ह पोटासाठी हाय. फॉरेनची कुत्री हेच खात्यात."

मी म्हटलं, "आमचं हळदीच्या पेठेतलं हाय."

"चालतंय की!"

घरी येऊन वाडग्यात ओतलं. पैलवानानं वास घेतला, वाडग्याला एक फेरी मारली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मी म्हटलं, खराब तर नसंल? आप्पा म्हणाले, "मिलिटरीत जवानाच्या आधी अफसर चाखतो." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. मग एक मी टाकला.

"कसं वाटतंय?" आप्पांनी विचारलं.

"दिवाळीची चकली शिमग्याला खाल्ल्यावानी."

"मीठ कमी हाय रं."

"चटणी आणू?"

खरं सांगतो, माणूस एकटा पडला की काय करंल सांगता येत नाही. मी बरणी आणली, आप्पांनी चहा ठेवला. आम्ही दोघं म्हातारे कॉटवर मांडी घालून, मध्ये कुत्र्याचं खाणं, त्यावर लाल चटणी, हातात कपबशी, असे रंगात आलो होतो. पैलवान समोर बसून बघत होता. तेवढ्यात दारात माझी लेक सुरेखा, साताऱ्याहून आलेली, हातात पिशवी.

तिनं पाकिटावरचं कुत्र्याचं चित्र बघितलं. मग आमच्याकडं बघितलं.

"आबा! तुमी कुत्र्याचं खाताय?"

"मी? जन्मात न्हाई!" मी म्हणालो. तोंडातनं दोन दाणे उडाले.

सुरेखा बोलायला तिच्या आईवर गेलीय, आणि ऐकायला माझ्यावर. म्हणजे फक्त बोलते. तिनं पैलवानाच्या बरगड्यांवरनं हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. "आठ दिवसांत हा बरा झाला न्हाई तर मी ह्याला साताऱ्याला न्हेणार. तुमाला सवताचं धड करता येत न्हाई, कुत्र्याचं काय करणार?"

घरात आता आम्ही दोघंच. संध्याकाळी दारात चप्पल वाजली की पैलवान कान टवकारतो, आणि मीही. दोघांनाही ठावं असतं, ती येणार नाही. तरी दोघं बघतो. तो गेला तर मी एकट्यानं दाराकडं बघायचं? लोक येडा म्हणतील.

आणि खरी गोष्ट सांगायची तर तोंड नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरनं मीठ-तेल कमी करा म्हणून सांगितलं. तेव्हापासनं हौसानं मला अळणी सुरू केलं. मुगाची खिचडी, दुधी, भोपळा. पुढं कांदा गेला, लसूण गेला. "डॉक्टरनं सांगितलंय," म्हणायची. कुठल्या डॉक्टरनं, हे मी कधी विचारलं नाही. ती ताट वाढायची आणि पाणी आणायला आत जायची. गुडघ्यांमुळं तिला पाच मिनिटं लागायची. तेवढ्यात मी सगळं कॉटखाली पैलवानाला घालायचो. ती आली की रिकामं ताट दाखवायचं आणि मोठा ढेकर द्यायचा. मग "शतपावली करून येतो" म्हणून बाहेर पडायचं आणि स्टँडवर मिसळ हाणायची.

हे सांगितलं असतं तर पैलवानाचं दुखणं एका मिनिटात कळलं असतं. पण तेराव्याला सुरेखानं सगळ्या भावकीत सांगितलं होतं, "आमच्या आबांनी आईच्या शब्दाखातर चार वर्षं अळणी खाल्लं." बायकांनी पदर डोळ्याला लावले होते. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली! आता सांगा, कसं बोलणार?

दुसऱ्या दिवशी सुरेखा, मी, आप्पा आणि पैलवान असे रिक्षानं सांगलीला जनावरांच्या डॉक्टरकडं निघालो. हौसा त्याला लस टोचायला तिथंच न्यायची. तिचं पिवळं कार्ड सुरेखाला ट्रंकेत सापडलं होतं. वाटेत पैलवान माझ्या मांडीवर होता. रिक्षावाला अर्ध्या वाटेत नाक वर करून म्हणाला, "काका, कायतरी वास येतोय."

मी म्हटलं, "बाहेरचा असंल."

"न्हाई, आतलाच हाय."

"मग रिक्षा जोरात घ्या की!"

दवाखान्यात पोचलो तेव्हा माझं धोतर, आप्पांची दुसरी पँट आणि रिक्षाची सीट, यांत फरक करता येत नव्हता.

डॉक्टरांनी पैलवानाचं पोट दाबलं, जीभ बघितली. "जंताचं औषध देतो. पण आजोबा, हा पूर्वी काय खायचा?"

मी छताकडं बघितलं.

"आबा, बोला की!" सुरेखा म्हणाली. "आई काय घालायची?"

"तिला ठावं."

"नीट सांगा," डॉक्टर म्हणाले. "असाच झडत राहिला तर मग माझ्याही हातात नाही."

पैलवान टेबलावर थरथरत उभा होता. त्यानं माझ्या मनगटावर नाक टेकलं. त्याच मनगटानं त्याला चार वर्षं दुधी घातला होता. मी म्हटलं, गेली ती अब्रू. मागाच्या आवाजावर मात करायचो तसा मी ओरडलो, "माझं खायचा! माझं पथ्याचं सगळं खायचा! मी चार वर्षं मिसळ खाल्ली!"

बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी शेळ्या-मांजरं सावरली. आप्पा म्हणाले, "गड्या, तू तर कोर्ट मार्शलची केस हाय."

डॉक्टर मात्र हसायला लागले. त्यांनी पिवळं कार्ड उलटं केलं. मागं त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : मूगडाळ, तांदूळ, दुधी, भोपळा. मीठ, तिखट, कांदा, लसूण बंद.

"म्हणजे ते मालक तुम्ही!" ते म्हणाले. "काकूंनी हे माझ्याकडनं लिहून घेतलं होतं. म्हणाल्या, 'आमच्या मालकाला पथ्याचं वाढलं की ते चोरून कुत्र्याला घालत्यात. सांगून ऐकणारा माणूस न्हाई. तवा कुत्र्याला चालंल, तेच मालकाच्या ताटात वाढते. सांगा काय काय वाढू.'"

म्हणजे तो डॉक्टर हा! चार वर्षं ती माझ्या ताटात कुत्र्याचं जेवण वाढत होती, आणि ते चोरून कुत्र्याला घातलं म्हणून मी मिशीत हसत होतो! आणि ती पाच मिनिटं? गुडघे कसले! ती आत उभी राहून मला वेळ देत होती.

तुमचं मला ठावं हाय. पैलवानाचं बघा.

सुरेखा हसत होती की रडत होती, मला चष्म्यातनं नीट दिसलं नाही. चष्म्यालाच पाणी आलं होतं.

घरी आल्यावर सुरेखानं कार्डाप्रमाणं खिचडी केली आणि वाडग्यात घातली. पैलवान भिंतीकडं तोंड करून बसला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरेखानं त्याचा पट्टा आणि साखळी पिशवीत भरली. "आबा, न्हेते मी त्याला. डोळ्यांदेखत मरू देणार न्हाई." मी "व्हय" म्हणालो. तेवढंच येतं.

निघायच्या आधी तिनं मलाही तीच अळणी खिचडी वाढली. "आता तुमी बी हेच. बसा कॉटवर. पाणी आणते." ती आत गेली.

कॉटखाली खरखर झाली. गुडघ्यावर एक पंजा आला.

मी आत बघितलं. कुणी बघत नव्हतं. हात आपोआप खाली गेला. पैलवानानं घास असा गिळला की बोट थोडक्यात वाचलं! दुसरा घास, तिसरा घास. सुरेखा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा ताट रिकामं होतं आणि सवयीनं मी ढेकर दिला.

ती दारात उभी राहिली. मग परत आत वळली. "तांब्या न्हवता भरला," म्हणाली. तिलाही पाच मिनिटं लागली. आली ती पिशवीतनं साखळी काढूनच.

त्याला आता तीन महिने झाले. पैलवानाची विष्ठा इतकी सुंदर झालीय की आप्पा येऊन सॅल्यूट करतात. चटणीची बरणी फळीवर ठेवून दिलीय. कधीतरी नुसतं झाकण उघडून वास घेतो.

पण वाडग्यातलं तो आजही खात नाही. घरात आम्ही दोघंच, तरी रोज मला ताट वाढून घेऊन कॉटवर बसावं लागतं. आत कुणी नाही हे ठावं असून मी आत नजर टाकतो, चोरासारखा हात खाली नेतो. निम्मं तो खातो. निम्मं मी खातो, कारण शतपावलीला जातो म्हणून सांगायला आता घरात कुणी नाही, आणि न सांगता जाण्यात मजा नाही. मग आत तोंड करून मोठा ढेकर देतो.

चार वर्षांत खोटे ढेकर हजारभर दिले असतील. आता खरा येतो, तोही कुत्र्याचं जेवण जेवून!