तीन एसी आणि एक कुत्रा

शेल्टरमधून दीड वर्षाचा कुत्रा घरी आणला. मेंढ्या वळणारी जात, अंगात नुसती वीज. मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारं एक जोडपं बदली झाली म्हणून त्याला सोडून गेलं होतं. त्यांना मी मनसोक्त शिव्या घातल्या.

पूर्वी उन्हाळाभर आम्ही तिघं एकाच कूलरसमोर गाद्या टाकून झोपायचो. आता तीन खोल्यांत तीन एसी, म्हणून तिन्ही दारं बंद. कुत्र्याला हे पटेना. दार उघडलं रे उघडलं की बायकोच्या, मुलाच्या, माझ्या पोटऱ्यांना नाकानं ढोसत तो आम्हाला हॉलमध्ये हाकून आणायचा. तिघं समोरासमोर बसलो की शांत व्हायचा. आम्हाला मात्र एकमेकांशी काय बोलावं ते सुचायचं नाही.

"याले काहून आणलं तुम्ही?" बायको म्हणाली.

"परत देऊन या ना, बाबा," मुलगा म्हणाला. कितीतरी महिन्यांनी मायलेकांचं एकमत झालं होतं.

शेल्टरच्या फॉर्मवर परत करण्याचं कारण विचारलं होतं. मी लिहिलं, 'चावतो'. तो कधीच कुणाला चावला नव्हता. चावऱ्या कुत्र्याला पुन्हा कुणी घरी नेत नाही, हे ठाऊक असूनही लिहिलं. 'आम्हाला एका खोलीत बसवतो' असं कोणत्या तोंडानं लिहिणार होतो?