फडक्यात गाळलेली पिल्लं

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागनं पोचतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. लेकीला मी लाटण्यानं मारलंय, पट्टीनं मारलंय. एकदा पाढे चुकले म्हणून अशी थोबाडीत दिली की ओठातून रक्त आलं, आणि ते रक्त नव्या गणवेशावर सांडलं म्हणून आणखी एक ठेवून दिली. आणि घर आमचं जैनाचं, सांगलीत, बस्तीपासून चार घरं सोडून. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, पायाखाली मुंगी आली तर दिवसभर हळहळतात. दिवस मावळायच्या आत जेवतात. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून पितात आणि फडक्यात अडकलेलं बारीकसारीक, दिसो न दिसो, ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात परत सोडतात. अशा बाईच्या देखत मी पोरीला मारायची. "अगं, जीव हाय त्यो," त्या म्हणायच्या. मी म्हणायची, "तुम्ही मधे पडू नका."

माझा भाऊ साताऱ्याला नोकरीला होता. त्याची लांब बदली झाली तेव्हा त्यानं आपली दीड फुटी काचेची टाकी भाचीला देऊन टाकली. साताऱ्याहून सांगलीपर्यंत पोरगी माशांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. कराडला चहाला थांबलो तरी ती गाडीतून उतरली नाही. चार गप्पी मासे होते, तीन नर आणि एक मादी.

आक्कांनी टाकीकडं बराच वेळ बघितलं. "आणलंस ते आणलंस," त्या मला म्हणाल्या, "पन एक ऐक. टाकीतलं पानी बदलशील तवा गाळल्याबिगार वतायचं न्हाई. गाळून जाईच्या वेलाला घालायचं आन् फडकं टाकीत उलटं करायचं. त्यातला जीव आपल्या जागी जाऊ दे."

ते आम्ही पाळलं. दर आठवड्याला पोरगी एका मोठ्या काचेच्या भांड्यात टाकीतलं पाणी काढायची, भांडं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवायची आणि आक्का ते गाळायच्या. खाण्याचं मात्र त्रांगडं झालं. पाकिटावर वाचलं तर त्यात माशाचीच पूड. आक्कांनी ते पाकीट चिमटीत धरून घराबाहेर नेलं. दुकानदार पोरीला म्हणाला, पिल्लं झाली तर उकडलेल्या अंड्याचा बलक दे. ती घरी येऊन हे सांगत असताना आक्कांनी कानांवर हात ठेवले. शेवटी शेवाळाच्या हिरव्या गोळ्या मिळाल्या, त्याही सूर्य मावळायच्या आत टाकायच्या.

मासे म्हणजे शांत असतात असं मला कुणीतरी सांगितलं होतं. काही शांत नसतात. तिघं नर त्या एका मादीच्या मागं दिवसभर लागलेले असायचे. तिला कोपऱ्यात कोंडायचे, शेपटीचे लचके तोडायचे. एक नर मेला, तर उरलेल्या दोघांनी त्याचे डोळे टोचून काढले. मग एके दुपारी मादी व्याली. एकेक पिल्लू पोटातून सुटायचं, खाली जायचं, सावरून वर यायला लागलं की आईच वळून त्याला गिळायची. पोरगी माझा पदर ओढत होती. "आई, स्वतःचीच खातीय गं ती."

"मासा आहे तो. त्याला काय कळतंय?" मी म्हणाले.

पोरगी टाकीकडं बघायची सोडून माझ्याकडं बघत राहिली. मला त्या बघण्याचा राग आला, खोटं कशाला बोलू.

पुढं महिन्याभरात भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व आलं. पर्वात जो तो बस्तीत जाऊन दहा दिवसांसाठी काहीतरी सोडायचा नियम घेतो. कुणी चहा सोडतं, कुणी हॉटेल, कुणी मोबाईल. उपाध्यांसमोर आम्ही बायका रांगेत उभ्या होतो. माझी पाळी आली आणि मी तोंड उघडायच्या आत पोरगीच बोलली, "आईला, मला मारायचं सोडायचा नियम द्या."

बायका हसल्या. माझं नाक चारचौघांत कापलं गेलं. घरी गेल्यावर हिला बघते असंही मनात आलं, पण उपाध्ये थांबले होते, आक्का बघत होत्या. घेतला नियम. भक्तीनं नाही, लाजेनं घेतला.

पोरीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक बरोबरची खूण करायला सुरुवात केली. मी एकाशन करत होते, दिवसातून एकदाच जेवायचं. रिकाम्या पोटी माझं डोकं आणखीच फिरतं. तिसऱ्या दिवशी तिनं दुधाचं पातेलं लवंडलं, तेव्हा मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. पाचव्या दिवशी तिनं उलट उत्तर दिलं. मी न्हाणीघरात जाऊन बादलीवर बुक्की मारली. पण सात खुणा झाल्या. सातव्या दिवशी ती झोपाळ्यावर येऊन मला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी बसली होती. मला वाटलं, जमतंय की आपल्याला.

त्याच सातव्या दिवशी मादी परत व्याली. या वेळी आम्ही तयारीत होतो. तिला जाळीच्या पेटीत ठेवलं होतं, पिल्लं जाळीतून खाली पडली आणि वाचली. तेवीस भरली. पोरीनं एकेक पिल्लू चमच्यानं उचलून त्याच मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवलं आणि मग मादीला टाकीत मोकळं सोडलं. भांडं ओट्यावर खिडकीपाशी ठेवलं. आक्का त्या दिवशी बस्तीतच मुक्कामाला होत्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही, सुचलंच नाही.

आठव्या दिवशी मी दुपारी बस्तीतून आले. पोरीची सकाळची शाळा सुटली होती. दारातूनच दिसलं, आत ओट्यावर भांडं पालथं. बाहेरच्या खोलीत पोरगी टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी, हातात छोटी जाळी. आणि ती मादी काचेला तोंड लावून, तोंडातून एक केसाएवढी शेपटी बाहेर, अजून हलत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तूच सोडलीस ना पिल्लं टाकीत?"

"न्हाई आई, मी तर..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. पहिली कानाखाली बसली. ती तोल जाऊन टाकीच्या लोखंडी स्टँडच्या कोपऱ्यावर आदळली आणि भुवई फुटली. दुसरी मी ती खाली पडल्यावर मारली. हे मला नीट आठवतं, कारण ती मारताना मला वाकावं लागलं. तिच्या हातातली जाळी फरशीवर पडली. मी तिला दंड धरून उठवायला पुढं झाले आणि चपलेखाली काहीतरी ओलं लागलं.

तेवढ्यात आक्का मागल्या दारातून आल्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. "तिला का मारतीस? मी वतलंय," त्या म्हणाल्या. "मगाशी बस्तीतनं आले तर तुमी टाकीतलं पानी काडून ठेवलं हुतं, ते गाळलं, वेलाला घातलं, फडकं टाकीत उलटं केलं. नेहमीची रीत हाय आपली." मग त्यांनी टाकीकडं बघितलं. त्यांचा चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी डोळ्यांवर घेतला. फडक्यातनं काय गेलं ते त्यांना दिसलं आणि त्या तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या.

पोरगी रक्ताचा हात भुवईवर धरून फरशीकडं बघत होती. "दोन वाचिवली होती मी," ती म्हणाली. "जाळीत होती."

मी पाय उचलला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही कुणी नव्हता. एकवीस त्या मुक्या माशानं खाल्ली आणि दोन मी चिरडली, पर्वात, पायातली चप्पल न काढता.

डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि पोरीला विचारलं, कसं लागलं? मी घसा साफ करत होते. माझ्या आधी तीच बोलली, "टाकीच्या स्टँडवर पडले." तिला असं सांग म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. मी रिक्षात रडले. तिनं मला रुमाल दिला, पण बसली मात्र पलीकडच्या कडेला.

आक्कांनी त्या दिवसापासून पर्व संपेपर्यंत अन्न घेतलं नाही. मी म्हणाले, आवं आक्का, तुमच्याकडून नकळत झालं, एवढं कशाला लावून घेता? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्या हातनं नकळत झालं," त्या म्हणाल्या. "तुज्या हातनं?" मी भांडी घासायला घेतली.

कॅलेंडरवर पोरीनं आठव्या दिवसाचा चौकोन कोरा ठेवला. नवव्या आणि दहाव्यावर खुणा केल्या. हिशेबात ती माझ्यापेक्षा खरी आहे.

पर्व संपलं की क्षमावाणी येते. त्या दिवशी लहानमोठं न बघता प्रत्येकानं प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागायची असते. सकाळी आक्का टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि त्या मादीला हात जोडले. मग नातीला जोडले. नात त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मी बस्तीत गावभरच्या बायकांची क्षमा मागून आले. ते सोपं असतं. घरी येऊन चपला दाराबाहेर काढल्या आणि पोरीसमोर गेले. भुवईवर अजून टाके होते. हात जोडले, आणि तोंडपाठ शब्द बाजूला ठेवून साध्या भाषेत म्हणाले, "चुकलं माझं. लय चुकलं. मला माफ कर."

"केलं," ती लगेच म्हणाली. टाकीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. थोडा वेळ काचेवर बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, "पण आई, तुझा नियम कालच संपला ना?"

मी तिला जवळ घ्यायला एक पाऊल पुढं टाकलं. तिनं दोन्ही हात उचलून तोंड झाकून घेतलं.